नव्या फुटबॉल लीगच्या मालकांना खुलं पत्र: आधी उपचारांचे पैसे बाजूला काढा, मग किकऑफ करा

प्रति,
नवी व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीग काढू पाहणारे मालक, गुंतवणूकदार आणि संचालक यांस

स. न. वि. वि.

मी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहते आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे गुडघे आणि खांदे पूर्ववत करणं हे माझं रोजचं काम. त्यात शाळेच्या संघातली पोरं असतात, कॉलेजातली असतात, आणि व्यावसायिक खेळाडू व्हायचा ध्यास अजून न सोडलेली पंचविशीतली माणसंही असतात. तुमची लीग यावी आणि टिकावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच पहिली किक बसण्याआधी एक मागणी तुमच्यापुढे ठेवते. पूर्ण मोसमाचे पगार, दुखापतींवरच्या उपचारांचा सगळा खर्च आणि प्रत्येक खेळाडूचं घरी परतायचं भाडं एका वेगळ्या खात्यात आधी भरा. त्या खात्याला तुम्हाला हात लावता येऊ नये, तुमच्या भागीदारांना येऊ नये आणि तुमच्याकडून पैसे येणं असलेल्या घेणेकऱ्यांनाही येऊ नये. हे केल्यावर खुशाल तिकिटं विका, मीही घेईन.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण अमेरिकेतल्या खेळांत आता आपल्याकडच्या लोकांचाही पैसा येऊ लागला आहे. २०२३ मध्ये इथं मेजर लीग क्रिकेट सुरू झालं, तेव्हा सत्या नडेला आणि शंतनू नारायण यांची नावं त्याच्या पाठीराख्यांत होती. उद्या एखाद्या फुटबॉल लीगचा प्रस्ताव डॅलसमधल्या किंवा न्यू जर्सीतल्या मराठी माणसाच्या टेबलावर येऊन पडला, तर त्यानं सही करण्याआधी हे वाचलेलं असावं.

अशी लीग हवी का, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस एनएफएल या अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगचे ३२ संघ आपापली यादी ९० खेळाडूंवरून ५३ वर आणतात. एका झटक्यात अकराशेहून जास्त खेळाडू बाहेर पडतात. त्यातल्या काहींना सरावाच्या तुकडीत परत घेतात, बाकीच्यांना जायला जागा नसते. क्रिकेटपटूला निदान क्लबचं, जिल्ह्याचं, रणजीचं मैदान असतं. इथं कॉलेज संपलं की मधली पायरीच नाही. एनएफएलनं स्वतः युरोपात एक लीग चालवून पाहिली. वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलरचा तोटा सोसत ती चालली आणि २००७ मध्ये बंद झाली. त्यानंतर वसंत ऋतूत खेळणाऱ्या छोट्या लीगांवरच ही सगळी भिस्त आहे.

आणि या लीगांतून काय निघतं, तेही पाहा. जेक बेट्स नावाचा किकर, म्हणजे पायानं चेंडू मारून गुण मिळवणारा खेळाडू, ह्यूस्टनमध्ये विटा विकण्याचं काम करत होता. ३० मार्च २०२४ रोजी युनायटेड फुटबॉल लीगच्या पहिल्याच दिवशी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर मिशिगन पँथर्सकडून तो मैदानात आला. शेवटचे क्षण, ६४ यार्डांचं अंतर. त्यानं चेंडू खांबांमधून पार केला, पण प्रतिस्पर्धी सेंट लुईसनं किकच्या ऐन आधी टाइमआउट मागितला होता, म्हणून ती धरली गेली नाही. त्यानं चेंडू पुन्हा लावून घेतला आणि तेच ६४ यार्ड पुन्हा मारून सामना जिंकून दिला. त्याच वर्षी एनएफएलच्या डेट्रॉइट लायन्सनं त्याला घेतलं आणि त्याच मैदानावर तो एनएफएलचे सामने खेळू लागला. ब्रँडन ऑब्री सॉफ्टवेअर इंजिनीअरची नोकरी करत होता. वसंतातल्या लीगमधल्या बर्मिंगहॅम स्टॅलियन्सकडून दोन मोसम खेळल्यावर २०२३ मध्ये तो एनएफएलच्या डॅलस काउबॉइजचा किकर झाला. टॉमी मॅडॉक्स विमा विकायचा. २००१ च्या एक्सएफएल या लीगनं त्याला परत उभं केलं आणि पुढच्याच वर्षी तो एनएफएलच्या पिट्सबर्ग स्टीलर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू होता. ही दारं तुमच्यासारख्यांनीच उघडली, याबद्दल मला आदर आहे.

आता अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मी जे मागते आहे त्याचं मूळ तिथं आहे.

चार्ली एबरसॉल आणि बिल पोलियन यांनी काढलेल्या या लीगचा पहिला दिवस होता ९ फेब्रुवारी २०१९. आमचा सॅन अँटोनियो कमांडर्स हा संघ अलामोडोम स्टेडियममध्ये सॅन डिएगो फ्लीटशी खेळला आणि २७ हजारांहून जास्त माणसं आली. त्या सामन्यात शान वॉशिंग्टननं सॅन डिएगोचा क्वार्टरबॅक माइक बर्कोविची याला असं धडकून पाडलं की त्याचं हेल्मेट डोक्यावरून उडालं. पंचांनी दंड दिला नाही. अलामोडोम दणाणून गेला. ती चित्रफीत रात्रीतून देशभर फिरली, आणि त्या रात्री या नवख्या लीगचा खेळ एनबीए या बास्केटबॉल लीगच्या सामन्यापेक्षा जास्त लोकांनी पाहिला. लीगची खरी जाहिरात त्या एका धडकेनं झाली. मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होते, कारण खेळ म्हणून ती धडक अस्सल होती. पण माझ्या धंद्यात असल्यामुळे पुढचा प्रश्न लगेच मनात येतो: हे डोकं, ही मान उद्या दुखायला लागली, तर दवाखान्याचं बिल कुणाच्या नावावर फाटणार?

याच लीगमधल्या ओरलँडो अपोलोज या संघाला या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात कामगार भरपाईच्या कक्षेतून व्यावसायिक खेळाडूंना वगळलेलं आहे. म्हणजे ओरलँडोत सराव करताना पाय मोडला, तर कामावर जखमी झालेल्या सुताराला जे मिळतं ते या खेळाडूला मिळणार नाही. एनएफएलचे संघ आपापल्या करारांतून ही उणीव भरून काढतात. नव्या लीगला ते जमलं नाही. मग तोडगा काय निघाला? अख्ख्या संघाला जॅक्सनव्हिलच्या हॉटेलात ठेवायचं आणि बसमध्ये घालून राज्याची सीमा ओलांडून जॉर्जियातल्या किंग्जलंड गावी सरावाला न्यायचं, म्हणजे कामाचे बहुतेक तास जॉर्जियात भरतील आणि तिथला विमा लागू होईल. स्टीव्ह स्पुरियर यांच्यासारखा नामांकित प्रशिक्षक, आठपैकी सात सामने जिंकलेला लीगमधला सगळ्यात चांगला संघ, आणि विमा मिळावा म्हणून रोज बसनं दुसऱ्या राज्यात. आधी संघ जाहीर झाला आणि विम्याचा विचार मागून झाला, हे यावरून उघड दिसतं.

२ एप्रिलला लीगचं काम थांबलं. आठ आठवडे झाले होते, दोन उरले होते. कामकाज थांबल्याची बातमी खेळाडूंना कळली तेव्हा काही संघ सरावात होते. घरी जायचं विमानाचं तिकीट स्वतःच्या खिशातून काढावं लागल्याचं अनेक खेळाडूंनी जाहीरपणे सांगितलं. टॉम डंडन या गुंतवणूकदारानं १९ फेब्रुवारीला, ऐन मोसमात, २५ कोटी डॉलर घालण्याची घोषणा केली होती. प्रत्यक्षात सुमारे ७ कोटी आले आणि त्यांनी हात आखडता घेतला. १७ एप्रिलला आमच्याच टेक्सासमधल्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज पडला. कागदोपत्री मालमत्ता सुमारे १ कोटी १३ लाख डॉलर आणि देणी सुमारे ४ कोटी ८३ लाख. रोख शिल्लक साडेपाच लाखांच्या आत.

या लीगची रचनाही समजून घ्यायला हवी. आठही संघ लीगच्याच मालकीचे होते. आयपीएलमध्ये असतो तसा प्रत्येक संघाला वेगळा मालक नव्हता. खर्च आटोक्यात राहावा आणि खेळाडूंसाठी संघासंघांत बोली लागू नये म्हणून नव्या लीगा ही पद्धत पत्करतात, आणि त्यामागचा विचार मला पटतो. पण तिचा दुसरा अर्थ असा की वरून पैसा थांबला की आठही शहरं एकाच सकाळी कोरडी पडतात. ज्याच्या दारात जाऊन पगार मागावा असा मालक गावात नसतो. मला एवढंच म्हणायचं आहे की ही रचना निवडणाऱ्यांची जबाबदारी दुपटीनं वाढते.

आता गुडघ्याबद्दल बोलते, कारण त्यावर मी अधिकारानं बोलू शकते. धावता धावता दिशा बदलताना किंवा पाय रोवलेला असताना कुणी बाजूनं येऊन आदळलं की गुडघ्यातला पुढचा तिरका अस्थिबंध (एसीएल) तुटू शकतो. शस्त्रक्रियेत शल्यचिकित्सक बहुतेकदा त्याच खेळाडूच्या गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेची पट्टी काढून तिथं नवा बंध बसवतात. पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा दोन आठवड्यांतच त्याची मांडी डोळ्यांना दिसेल इतकी उतरलेली असते. शंभर किलोचा गडी, आणि गुडघा टेबलावर पुरता सरळ टेकवताना त्याला घाम फुटतो. पहिले काही आठवडे आमची सगळी धडपड त्या शेवटच्या चार-पाच अंशांसाठी असते, कारण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर पुढचं काहीच नीट होत नाही. मग मांडीची ताकद, मग एका पायावर तोल, मग हलकं धावणं, मग उडी मारून उतरणं, आणि अगदी शेवटी दिशा बदलणं. नऊ महिने तर धरायचेच. त्याआधी मैदानात उतरलेल्यांचा गुडघा पुन्हा जायचा धोका कितीतरी जास्त असतो.

तुमचा मोसम दहा आठवड्यांचा. दुसऱ्या आठवड्यात गुडघा गेलेल्या खेळाडूचा उपचार लीगच्या आयुष्यापेक्षा लांब चालू शकतो, आणि २०१९ मध्ये नेमकं हेच घडण्यासारखी वेळ आली. अमेरिकेत आरोग्य विमा नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की विमाही जातो. भारतात राहणाऱ्या वाचकांना याची धग पटकन जाणवणार नाही, म्हणून सांगते. शस्त्रक्रियेनंतर आठवड्यातून दोनदा-तीनदा यायला हवा असा माणूस विमा गेल्यावर पंधरा दिवसांतून एकदा येऊ लागतो, मग फोनवर व्यायाम विचारतो, मग येतच नाही. तो गुडघा अर्धवट राहतो. वय चाळीस होईतो जिने चढताना दुखू लागतो. त्या माणसाचं फुटबॉल तर संपतंच, गोदामात उभं राहून करायची नोकरीसुद्धा जड जाते.

आणि हे खेळाडू श्रीमंत नसतात. २०१९ मध्ये एनएफएलच्या अगदी नवख्या खेळाडूचा किमान पगार वर्षाला ४,९५,००० डॉलर होता. अलायन्सचा करार तीन वर्षांचा आणि अडीच लाख डॉलरचा, त्यातले पहिल्या वर्षी ७०,०००, आणि तेही हमीशिवाय. पहिला मोसमच पुरा झाला नाही, त्यामुळे पुढच्या दोन वर्षांच्या आकड्यांना काही अर्थ उरला नाही.

मागच्या सगळ्या लीगा काढून दाखवायच्या तर पत्र फार लांबेल, पण एक-दोन सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७४ च्या वर्ल्ड फुटबॉल लीगचा अंतिम सामना बर्मिंगहॅमच्या लेजन फील्डवर झाला. बर्मिंगहॅम अमेरिकन्सनी फ्लोरिडा ब्लेझर्सना २२-२१ असं हरवलं. ब्लेझर्सचे खेळाडू कित्येक आठवडे बिनपगारी खेळत होते. विजेत्यांची गत अशी झाली की सामना संपल्यावर त्यांच्या अंगावरचे गणवेशच थकलेल्या बिलापोटी जप्त झाले. २००१ मध्ये एक्सएफएलनं नाणेफेक रद्द करून दोन खेळाडूंना चेंडूमागे धावायला लावलं. जो आधी पकडेल त्याच्या संघाला निवडीचा हक्क. पहिल्याच रात्री ओरलँडो रेजच्या हसन शमसिद-दीनचा खांदा त्या झटापटीत निखळला आणि त्याचा मोसम तिथंच संपला, एकही डाव न खेळता. दूरचित्रवाणीवर चार सेकंद वेगळं दिसावं म्हणून एका माणसाचा खांदा गेला. असलं काही तुमच्या नियमपुस्तकात असेल तर आजच काढून टाका.

युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगची गोष्ट निराळी आहे. १९८३ ते १९८५ या तीन वर्षांत तिनं हर्शल वॉकर, स्टीव्ह यंग, जिम केली, रेजी व्हाइट यांच्यासारखे खेळाडू आणले आणि वसंतातलं फुटबॉल लोकांना आवडू शकतं हे दाखवून दिलं. मग बारा संघांचे अठरा केले, आणि डोनाल्ड ट्रम्प यांच्यासारख्या मालकांच्या आग्रहानं शरद ऋतूत एनएफएलसमोर उभं राहायचा निर्णय घेतला. एनएफएलवर मक्तेदारीचा खटला घातला. १९८६ मध्ये ज्यूरीनं मक्तेदारी मान्य केली आणि नुकसानभरपाई दिली एक डॉलर. कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन तीन. आमच्या गावचा सॅन अँटोनियो गनस्लिंगर्स त्याच लीगमध्ये होता. १९८५ मध्ये त्याच्या खेळाडूंचे पगाराचे चेक बँकेत वटेनासे झाले होते.

आमच्या गावानं हे सगळं पाहिलेलं आहे. १९७५ मध्ये विंग्ज, मग गनस्लिंगर्स, १९९५ मध्ये कॅनडियन लीगचे टेक्सन्स, मग कमांडर्स, आणि २०२३ ते २०२५ ब्रह्माज. प्रत्येक वेळी लोक आले, टोप्या घेतल्या, मुलांना खांद्यावर बसवून आणलं. हे शहर उत्साहात कधी कमी पडलेलं नाही. सेंट लुईसही तसंच. २०१६ मध्ये त्यांचा एनएफएल संघ रॅम्स लॉस एंजेलिसला निघून गेला, आणि २०२४ मध्ये युनायटेड फुटबॉल लीगमधल्या बॅटलहॉक्सच्या सामन्यांना सरासरी ३४ हजारांवर माणसं येत होती. तुमच्या सादरीकरणांत अशा शहरांना बाजारपेठ म्हणतात. त्या शहरांनी आधीच किती वेळा विश्वास टाकला आहे, याची नोंदही त्याच पानावर असावी.

टिकलेल्या लीगचं उदाहरणही डोळ्यासमोर आहे. १९६० मध्ये लमार हंट आणि त्यांच्या साथीदारांनी अमेरिकन फुटबॉल लीग काढली. तोटा सोसायची तयारी ठेवूनच ते उतरले होते, स्वतःला ते मूर्खांचा क्लब म्हणवून घेत. दूरचित्रवाणीचे पैसे त्यांनी सगळ्या संघांत समान वाटले, त्यामुळे कमकुवत शहरातला संघही बुडाला नाही. खेळाडूंच्या पाठीवर नावं आणि टचडाउननंतर (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात नेल्यावर) दोन गुणांचा पर्याय त्यांनी आणला, आणि एनएफएलनं पुढे दोन्ही उचललं. सहा वर्षांत विलीनीकरणाचा करार झाला. आजचे कॅन्सस सिटी चीफ्स हा हंट यांचाच संघ. त्यांच्याकडे संपत्ती होती हे खरं, पण संपत्ती डंडन यांच्याकडेही होती. फरक धीर धरण्यात होता.

आपल्या मुलांचाही या गोष्टीशी संबंध आला आहे. २०११ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियाची घोषणा झाली. एनएफएलमधले माइक डिटका, कर्ट वॉर्नर, रॉन जॉवर्स्की आणि अभिनेता मार्क वॉलबर्ग अशी नावं तिच्यामागे झळकली. कबड्डी, रग्बी, मैदानी खेळ यांतून आलेल्या मुलांना हेल्मेट आणि खांद्याचे पॅड चढवले. २०१२ चे सामने कोलंबोत झाले आणि टेन स्पोर्ट्सवर दाखवले गेले. पुणे मराठाजनं दिल्ली डिफेंडर्सना ६-० असं हरवून ती स्पर्धा जिंकली. महाराष्ट्रात हे आज किती जणांना ठाऊक आहे? विजेत्या संघाला पुढे खेळायला लीगच उरली नाही. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी फ्लॅग फुटबॉलला मान्यता मिळाली. त्यात धडक नसते, कमरेची पट्टी ओढून अडवायचं असतं, त्यामुळे आपल्याकडच्या शाळांत तो खेळ रुजू शकतो. त्या ओढीनं कुणी तरी पुन्हा भारतात व्यावसायिक लीग काढायला निघेलच. जखमी मुलाचा उपचार कोण करणार, हे त्यांनी कोल्हापूरच्या आणि पुण्याच्या पालकांना आधी लेखी द्यावं.

माझी मागणी अव्यवहार्य आहे असं कुणी म्हणेल. महाराष्ट्रात बिल्डरांच्या बाबतीत हेच म्हटलं जायचं. घर घेणाऱ्यांचे पैसे एका इमारतीसाठी घ्यायचे आणि दुसऱ्याच जमिनीत घालायचे, ही रीतच पडली होती. रेरा कायदा आला आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेतले ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणं बंधनकारक झालं. बांधकामाच्या प्रगतीप्रमाणेच ते काढता येतात. बांधकाम व्यवसाय त्यानं बुडाला नाही. फुटबॉल लीगला असा नियम लावणारा कायदा इथं नाही, म्हणून तो तुम्ही स्वतःहून लावून घ्या.

हिशेब करून पाहा. आठ संघ, प्रत्येकी पन्नास खेळाडू, प्रत्येकाला ७०,००० डॉलर. झाले २ कोटी ८० लाख. त्यावर मोसम संपल्यानंतर पुढचे बारा महिने चालेल असा आरोग्य विमा, शस्त्रक्रिया आणि पुनर्वसनासाठी राखीव रक्कम, प्रशिक्षक, फिजिओ, साहित्य सांभाळणारे यांचे पगार आणि परतीची तिकिटं धरा. तरीही २५ कोटींची घोषणा करणाऱ्या माणसाला हे पैसे आधी बाजूला काढणं जड जाऊ नये. रोख भरणं शक्य नसेल तर नामांकित बँकेची हमी आणा किंवा विमा कंपनीचं बंधपत्र आणा. पण खातं अशा विश्वस्ताच्या नावे हवं की उद्या दिवाळखोरीचा अर्ज पडला तरी ती रक्कम घेणेकऱ्यांच्या रांगेत जाता कामा नये. बँक तेवढी खात्री देत नसेल, तर मैदान आणि कॅमेरे यांचे करार करायलाही तुम्ही अजून तयार नाही.

खेळाडूंच्या संघटनेला पहिल्या दिवसापासून मान्यता द्या. युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगच्या २०२२ च्या नव्या अवतारात खेळाडूंनी थेट पोलाद कामगारांच्या युनियनशी जोडून घेतलं, कारण त्यांनाही पगारासोबत विमाच हवा होता. धोकादायक काम करणाऱ्या माणसाच्या गरजा सगळीकडे सारख्याच. त्या विश्वस्त खात्यावर संघटनेचा एक प्रतिनिधी बसवा. आणि मोसमाच्या मध्यावर पैसे संपत आले तर ते खेळाडूंना किमान दोन आठवडे आधी कळेल, हे करारात घाला. सराव चालू असताना बातमी यावी, अशी वेळ कुणावर येऊ देऊ नका.

पहिल्या वर्षी तुमचे आकडे घसरतील. सलामीच्या रात्री लोक कुतूहलानं पाहतात, तिसऱ्या आठवड्यात निम्मे उरतात. २००१ च्या एक्सएफएललाही हेच भोवलं. ते गृहीत धरून खर्च बसवा, छोटी मैदानं घ्या, संघ कमी ठेवा, आणि तीन वर्षं तोटा सोसायची तयारी नसेल तर चौथ्या शहराला शब्द देऊ नका. कुठल्या वारी खेळायचं आणि किकऑफचे नियम काय ठेवायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यात मी पडत नाही.

तीन गोष्टींचं जाहीर उत्तर मात्र तिकीटविक्री सुरू होण्याआधी हवं आहे. खातं कुठल्या बँकेत आहे आणि त्यात किती रक्कम आहे? मोसमात जखमी झालेल्या खेळाडूचा उपचार लीग बंद पडली तरी शेवटपर्यंत चालेल, असं त्याच्या करारात कुठल्या कलमात लिहिलं आहे? आणि ज्या राज्यात संघ ठेवताय, तिथला कामगार भरपाईचा कायदा व्यावसायिक खेळाडूला लागू आहे का, नसेल तर तुम्ही काय सोय केली आहे? ही उत्तरं तुमच्या संकेतस्थळावर आली की मी ती मराठीत करून आमच्या महाराष्ट्र मंडळात वाटेन, आणि पहिल्या सामन्याची आमची तिकिटं त्याच दिवशी काढू.

कळावे,
आपली,
सॅन अँटोनियोतली एक फिजिओथेरपिस्ट आणि फुटबॉलप्रेमी